गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी: पहिल्या तासापासून पुढच्या पाळीपर्यंत

कंडोम फाटला. गावाला जाताना माला-एनचं पाकीट घरीच राहिलं. ‘मी सांभाळतो’ असं नवरा म्हणाला आणि सांभाळलं गेलं नाही. अशा वेळी कितीतरी बायका नुसती पाळीची वाट बघत बसतात, नाहीतर कच्ची पपई, गूळ-तीळ, काढे यांच्या मागे लागतात. दोन्हींत वेळ जातो, आणि इथे सगळं वेळेवरच अवलंबून आहे. पपई खाल्ल्याने दिवस राहायचे थांबत नाहीत. योनी आतून धुतल्याने, लगेच लघवीला जाऊन आल्याने किंवा उड्या मारल्यानेही थांबत नाहीत. संबंधानंतर गर्भधारणा टाळण्याचे खरे उपाय दोनच आहेत: तातडीची गोळी, नाहीतर पाच दिवसांच्या आत गर्भाशयात बसवलेली तांबी (कॉपर-टी).

ही माहिती गरज पडण्याआधीच बाईच्या हाताशी असावी, असं माझं ठाम मत आहे. रात्री अकरा वाजता, घाबरलेल्या मनाने मोबाइलवर शोधायला बसलं की खरं काय आणि उगाच भीती घालणारं काय, हे निवडता येत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

## आधी हे ठरवा: गोळीची गरज आहे का?

संबंधाच्या वेळी कुठलंच साधन वापरलं नव्हतं, कंडोम फाटला किंवा निसटून आत राहिला, वीर्य बाहेर सोडायचं ठरलं होतं पण जमलं नाही, तर गरज आहे. माला-एनसारख्या रोजच्या गोळ्या सलग तीन किंवा जास्त दिवस चुकल्या असतील तरी आहे. ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. त्याची तारीख उलटून चार आठवड्यांहून जास्त झाले असतील आणि मधे संबंध आला असेल, तेव्हाही आहे. आणि जबरदस्ती झाली असेल तर नक्कीच आहे. त्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

चुंबन, मिठी, कपड्यांवरून झालेला स्पर्श किंवा मुखमैथुन यांनी दिवस राहत नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण कॉलेजच्या वयातल्या मुली केवळ या भीतीपोटी दोन-दोन वेळा गोळी घेतात. वीर्य योनीच्या तोंडाशी सांडलं असेल, तर शक्यता कमी असते, पण शून्य नसते. अशा वेळी गोळी घेतलेली बरी.

‘आमचे सुरक्षित दिवस चालू होते’ यावर फार विसंबू नका. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी अंडाशयातून बाहेर पडतं. पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून हिशेब चुकतो. शिवाय शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे पाळी संपल्या-संपल्या आलेला संबंधही, पाळीचं चक्र लहान असलेल्या बाईसाठी जोखमीचा ठरू शकतो.

बाळंतिणींसाठी एक गोष्ट. ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत’ हे आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. ते खरं ठरायला तीन अटी एकाच वेळी पाळल्या जाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पाळी अजून सुरू झालेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर आहे. एखादी अट मोडली, वरचं दूध सुरू केलं, रात्रीचं पाजणं बंद केलं, की हा आधार धरता येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (आपल्याकडे मिळणाऱ्या तातडीच्या गोळीतलं औषध) तातडीची गोळी चालते, दूध तोडावं लागत नाही.

## घड्याळ कुठून मोजायचं

संबंध आला त्या क्षणापासून. पाकिटावर ७२ तास असं लिहिलेलं असतं, आणि त्यातून मोठा गैरसमज होतो. ‘तीन दिवस आहेत ना, उद्या-परवा बघू’ असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काय दिसलं ते बघा. पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्या बायकांमध्ये, एरवी ज्या गर्भधारणा झाल्या असत्या त्यातल्या ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये ८५ टक्के, आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये फक्त ५८ टक्के. तिसऱ्या दिवशी गोळी मिळणं आणि त्याच रात्री मिळणं, यात एवढा फरक आहे.

७२ तास उलटले म्हणून सगळं संपलं असंही समजू नका. पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत, गोळीचा काही ना काही उपयोग होऊ शकतो, मात्र तो उतरत जातो. तेव्हा तांबीचा विचार आधी करावा.

असं का होतं, हे समजून घेतलं तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. ही गोळी अंडाशयातून बीज बाहेर पडणं लांबवते किंवा त्या महिन्यापुरतं थांबवते. शुक्रजंतू वाट बघून मरून जातात, बीज भेटतच नाही. बीज बाहेर पडण्याची शरीराची तयारी पुरी झाली असेल, किंवा ते बाहेर पडलं असेल, तर गोळीला करण्यासारखं काही उरत नाही. आणि गर्भ एकदा रुजला असेल तर ही गोळी त्याला काहीही करू शकत नाही. ती गर्भपाताची गोळी नाही. चुकून गरोदरपणात घेतली गेली तरी गर्भाला अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. ‘पाप लागेल’ या भीतीने मागे सरणाऱ्या बायका आणि ‘दीड महिना झालाय, ही गोळी घेऊन बघते’ म्हणणाऱ्या बायका, दोघींनाही एवढंच माहीत असणं पुरेसं आहे.

## गोळी कुठे मिळते

भारतात ही गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. मेडिकलमध्ये नवरा, बहीण, मैत्रीण, कोणीही जाऊन आणू शकतं. आय-पिल आणि अनवाँटेड-७२ ही नावं जास्त ओळखीची आहेत आणि किंमत साधारण शंभर रुपयांच्या आसपास असते. सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात हीच गोळी ‘ईझी पिल’ या नावाने मोफत मिळते. गावात आशाताईंकडेही ती असते. घरपोच साधनं देण्याच्या योजनेत तिचा दर २ रुपये ठरवलेला आहे. आशाताई शेजारचीच आहे, सासूची ओळखीची आहे, म्हणून मागायचा संकोच वाटतो, हे मला पूर्ण समजतं. अशा वेळी उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे जाता येतं किंवा तालुक्याच्या गावी मेडिकलमधून घेता येते.

मेडिकलच्या काउंटरवर चार पुरुष उभे असताना ही गोळी मागणं सोपं नाही. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या विषयावर उघड बोलण्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे ही गोळी कागदात गुंडाळून, मान खाली घालून घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं. तोंडाने बोलणं जमत नसेल तर नाव मोबाइलवर लिहून दाखवा. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न विचारायचा अधिकार दुकानदाराला नाही आणि उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. एकाने नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका, पुढच्या दुकानात जा. तुमचा वेळ त्या वादापेक्षा मोलाचा आहे.

## पाकीट हातात आल्यावर आधी ते वाचा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि खरा घोटाळा इथेच होतो. पाकिटावर ‘लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्राम’ असं लिहिलेलं हवं. गोळी एकच असते. काही पाकिटांत ०.७५ मिलिग्रामच्या दोन गोळ्या असतात. त्या दोन्ही एकदमच घेतल्या तरी चालतं, बारा तास थांबायची गरज नाही.

आता नावांचा गोंधळ. ‘अनवाँटेड’ या एकाच नावाखाली तीन वेगळी औषधं बाजारात आहेत. अनवाँटेड-७२ ही तातडीची गोळी. अनवाँटेड-२१ म्हणजे रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट. आणि अनवाँटेड किट म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, अर्थात गर्भपाताची औषधं, जी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. घाईघाईत ‘अनवाँटेड द्या’ एवढंच म्हटलं तर हातात भलतंच काही पडू शकतं. आकडा सांगून मागा आणि घेतल्यावर आकडा वाचा.

दुसरा गोंधळ खास आपल्याकडचा. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातलं लग्न असलं की पाळी पुढे ढकलायची गोळी घेण्याची पद्धत आहे. ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. ‘पाळीची गोळी द्या’ म्हटलं की कित्येकदा तीच मिळते. संबंधानंतर तिचा तातडीची गोळी म्हणून उपयोग नाही. उलट ती घेतल्याने पाळी लांबते आणि दिवस राहिले आहेत की काय, हे कळायलाही उशीर होतो. म्हणून शब्द नेमके वापरा: ‘७२ तासांची गोळी’ म्हटलं की दुकानदाराला बरोबर कळतं.

पाकिटावरची मुदत बघा. मुदत संपलेली गोळी घेऊ नका.

## गोळी घेताना

पाण्याबरोबर गिळायची, बस. रिकाम्या पोटी घेतली तरी चालते. मळमळ व्हायची सवय असेल तर चार घास खाऊन घ्या. घेण्याआधी पोटाची तपासणी किंवा सोनोग्राफी लागत नाही. सकाळची वाट बघायची नाही, उपास सुटायची वाट बघायची नाही.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी लागते. त्यानंतर झाली तर गोळी शरीरात गेलेली असते, पुन्हा घ्यायची गरज नसते.

घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न मात्र विचारा: मी सध्या कुठली औषधं घेते आहे? क्षयरोगाच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं, आणि ते या गोळीचा परिणाम कमी करतं. आपल्याकडे टीबीचे उपचार घेणाऱ्या बायका इतक्या आहेत की हे मोठ्या अक्षरात छापायला हवं. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं आणि एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ हीसुद्धा त्याच गटात बसतात. यातलं काही चालू असेल तर तांबी हा चांगला मार्ग आहे. तांबी शक्य नसेल तर गोळीचा दुप्पट डोस घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारा. पण टीबीची किंवा फिट्सची औषधं स्वतःहून बंद करू नका.

वजनाचाही संबंध आहे. वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये ही गोळी कमी परिणामकारक ठरते. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ७० किलोच्या वर वजन असेल तर वेगळा विचार करायला सांगतात: तांबी, युलिप्रिस्टल ही वेगळ्या औषधाची गोळी (तिच्याविषयी शेवटी लिहिलं आहे) किंवा याच गोळीचा दुप्पट डोस. वजन जास्त आहे म्हणून गोळी घ्यायचीच नाही, असा अर्थ मात्र काढू नका. दुसरं काही हाताशी नसेल तर आहे ती गोळी लगेच घ्या आणि मग डॉक्टरांना भेटा.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, मागचं सिझेरियन यांपैकी कशामुळेही ही गोळी वर्ज्य होत नाही.

### जिथे ही गोळी मिळतच नाही

सुट्टीचा दिवस, आडगाव, एकच मेडिकल आणि तेही बंद. घरात किंवा आशाताईंकडे माला-एन किंवा माला-डी असेल तर एक जुनी पद्धत वापरता येते. डॉ. अल्बर्ट युझ्पे या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ती मांडली. पाकिटातल्या चार पांढऱ्या गोळ्या एकदम घ्यायच्या आणि बारा तासांनी आणखी चार. पांढऱ्याच, कारण त्याच पाकिटातल्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात आणि त्यांचा इथे काहीच उपयोग नाही. या पद्धतीत मळमळ आणि उलटी बरीच जास्त होते, आणि परिणामही लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा कमी आहे. तेव्हा हा पर्याय अगदी अडचणीतला समजावा. अंगात रक्ताच्या गुठळ्या झाल्याचा पूर्वेतिहास असेल, तर आधी फोनवर तरी डॉक्टरांशी बोलून घ्या.

## तांबी: जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही

तांबी आपल्याकडे दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्यासाठी म्हणूनच माहीत आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची आहे. शंभरातल्या ९९ हून अधिक बायकांमध्ये गर्भधारणा टळते. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. वजन किती आहे, टीबीची गोळी चालू आहे का, याने तिला फरक पडत नाही. आणि एकदा बसवली की कॉपर-टी ३८०-ए दहा वर्षं काम करते, ३७५ या प्रकारची तांबी पाच वर्षं. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात आणि नको झाली की काढूनही देतात.

मूल न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते. काही ठिकाणी ‘आधी एक मूल होऊ दे’ असं सांगून परत पाठवतात. त्याला वैद्यकीय आधार नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. मात्र गर्भाशयाचा किंवा ओटीपोटाचा जंतुसंसर्ग चालू असेल तर तेव्हा तांबी बसवत नाहीत. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं, हे आधी माहीत असलेलं बरं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच कमी आहे तिने डॉक्टरांना ते सांगावं.

माझा सल्ला असा: गोळी लगेच मिळत असेल तर ती घ्या, आणि पुढच्या काही वर्षांत मूल नको असेल तर त्याच आठवड्यात तांबीसाठी दवाखान्यात जा. दोन दिवस तांबीची वेळ मिळायची वाट बघत गोळी टाळू नका.

## पुढचे दिवस

गोळी घेतल्यावर मळमळ, डोकेदुखी, थकवा, छाती दुखरी होणं, ओटीपोटात कळ येणं, हे एक-दोन दिवस होऊ शकतं. गोळीनंतर काही दिवसांत थोडं रक्त किंवा डाग दिसू शकतात. ती पाळी नसते. ‘रक्त दिसलं म्हणजे सुटलो’ असं समजून पुढची तपासणी सोडून देणाऱ्या बायका असतात. तसंच, रक्त न दिसणं म्हणजे गोळी लागू पडली नाही, असंही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं हे की गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. बीज बाहेर पडणं पुढे ढकललं गेलं, म्हणजे ते त्याच महिन्यात काही दिवसांनी बाहेर पडू शकतं. त्यामुळे गोळीनंतर साधन न वापरता संबंध आला तर दिवस राहण्याची शक्यता कमी होत नाही. कंडोम वापरा.

पाळी तारखेच्या आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. अपेक्षित तारीख उलटून एक आठवडा झाला आणि पाळी आली नाही, किंवा आली पण नेहमीपेक्षा फार कमी गेली, तर लघवीची तपासणी करा. पाळी मुळातच अनियमित असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी करा, तेव्हा उत्तर भरवशाचं मिळतं. सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळतं, मेडिकलमध्येही साधं किट स्वस्तात मिळतं. दुसऱ्याच दिवशी किट वापरून काही कळत नाही.

पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, खांदा दुखू लागला, तर लगेच हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत राहिल्याचं ते लक्षण असू शकतं. गोळीमुळे तो धोका वाढत नाही, पण गोळी घेतली होती म्हणून तो नाहीच असं समजून चालत नाही.

## ‘गोळी गरम पडते’, ‘पुढे मूल होत नाही’

ही दोन वाक्यं मला सगळ्यात जास्त ऐकू येतात. या गोळीने वंध्यत्व येत नाही. बाईने कितीही वेळा घेतली तरी गर्भाशय सुकत नाही, पिशवीला इजा होत नाही. एकाच महिन्यात दोनदा गरज पडली तर दोनदा घेता येते. मग दर वेळी हीच का घेऊ नये? कारण ती कमी खात्रीची आहे. रोजच्या गोळ्या, इंजेक्शन, तांबी, नीट वापरलेला कंडोम हे सगळे तिच्यापेक्षा सरस आहेत. शिवाय वारंवार घेतली तर पाळीचं वेळापत्रक विस्कळीत होतं, आणि मग दर महिन्याला त्याच भीतीत दिवस काढावे लागतात.

आणि ही गोळी लैंगिक आजारांपासून वाचवत नाही. ते काम कंडोमच करतो.

## जबरदस्ती झाली असेल तर

आधी दवाखाना. कुठल्याही हॉस्पिटलने, सरकारी असो वा खाजगी, बलात्कार पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायलाच हवेत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये लिहिलं आहे. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. ‘आधी पोलिसांत जा, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर ते कायद्याच्या विरुद्ध आहे. तक्रार करायची की नाही हे सज्ञान बाईने नंतर ठरवावं, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तातडीची गोळी देणं हा उपचाराचाच भाग आहे. त्याच भेटीत एचआयव्ही टाळण्याचं औषध मागा. ते ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं सुरू करावं लागतं. पुरावा म्हणून घातलेले कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, शक्य असेल तर आंघोळ तपासणीनंतर करा. पण आंघोळ झाली असेल म्हणून जायचं टाळू नका. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१, पोलिसांची तातडीची मदत ११२, मुलांसाठी १०९८.

१८ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे माहीत झाल्यावर काही घरं दवाखान्यातच जात नाहीत, आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते. आई, मावशी, आत्या, जी कोणी तिच्या विश्वासातली असेल तिने तिला घेऊन जावं. लग्नाच्या नवऱ्याने केलेली जबरदस्ती कायद्याच्या व्याख्येत कुठे बसते हा वाद वेगळा. तिच्या शरीराला गोळीची गरज तेवढीच असते, आणि ती मिळायला नवऱ्याची परवानगी लागत नाही.

## तरीही दिवस राहिले तर

वेळेवर घेऊनही शंभरातल्या एक-दोन बायकांना दिवस राहतात. ठेवायचं असेल तर गोळीमुळे बाळाला व्यंग येईल ही भीती बाळगू नका. ठेवायचं नसेल तर लवकर निर्णय घ्या. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींत ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली आहे. साधन निकामी ठरल्याने राहिलेल्या गर्भाबाबत अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतच आणि नोंदणीकृत डॉक्टरांकडूनच घ्या. मेडिकलमधून किट आणून घरात एकटीने घेण्यात जास्त रक्तस्रावाचा धोका असतो.

## पुढचं साधन त्याच आठवड्यात ठरवा

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेतल्यावर रोजच्या गोळ्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येतात, पहिले सात दिवस सोबत कंडोम वापरायचा. हार्मोन नको असतील तर ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. रोज लक्षात ठेवायचं जमत नसेल तर ‘अंतरा’. ही सगळी साधनं सरकारी केंद्रात मोफत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी नसबंदी करून घेतलेली होती. साधनाचा सगळा भार बाईच्या शरीरावर, आणि तोही शेवटच्या टोकाच्या उपायाने. मधल्या वर्षांसाठी एवढी साधनं असताना ती कोणी समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या मुलींसाठी: अमेरिकेत ही गोळी २०१३ पासून वयाची अट न ठेवता चिठ्ठीशिवाय मिळते, ब्रिटनमध्ये फार्मसीत मिळते. तिथे युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळीही आहे. ती पाचव्या दिवसापर्यंत चांगलं काम करते. ती घेतली तर रोजच्या हार्मोनच्या गोळ्या मात्र पाच दिवस थांबून सुरू करायच्या, नाहीतर दोन्ही एकमेकींचा परिणाम कमी करतात.

## आणि एक पाकीट घरात ठेवा

तापासाठी पॅरासिटामॉल ठेवतो तसं. आधीपासून जवळ ठेवल्याने बायका बेफिकीर होतात, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. त्या गोळी लवकर घेतात, एवढंच होतं. एसटीच्या प्रवासात किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने पर्समध्ये ठेवावं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते गाडीच्या डिकीत किंवा खिडकीजवळ ठेवू नका, कपाटात कोरड्या आणि थंड जागी ठेवा. पाकिटावरची मुदत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि संपायच्या आधी नवीन आणा. मुलीच्या कपाटात कधी असं पाकीट सापडलं तर आधी ओरडू नका. मुदत तपासा, आणि वरची माहिती तिला आहे का ते शांतपणे विचारा.